जखम भरेपर्यंत

आक्सूजवळचा शेतमळा, शिनज्यांग
१२ जानेवारी १९९२

ती. पेईचू ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. कारण वाचून तू चिडणार, म्हणून आधी बरी बातमी. शिंगयूला मळ्याच्या शाळेत कायमची नोकरी लागली. तिची आई असती तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना शेवया खाऊ घातल्या असत्या. जर्दाळूची झाडं बर्फात उभी आहेत, ठीक आहेत.

आता कारण. गेल्या महिन्यात शेगडीला पाय लावून पेपर वाचत बसलो होतो. करपल्याचा वास आला. मी शिंगयूवर ओरडलो की चुलीवर काय ठेवलंयस, लक्ष कुठं आहे तुझं. ती धावत आली, तर माझाच बूट जळत होता. मला काही म्हणजे काही कळलं नाही. साखरेच्या आजारानं पायातली जाणीव कधी गेली, तेही कळलं नव्हतं. आता करंगळी काळी पडली आहे आणि तळव्याला खड्डा पडलाय. तो भरत नाही. इथले डॉक्टर भले आहेत, उगाच घाबरवणारे नाहीत. ते म्हणतात, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. मी अजून सही केलेली नाही. लाकडी पायानं जर्दाळू उतरवायला शिडीवर कसा चढू?

तुला कळवायचं नव्हतं. पण शिंगयू म्हणाली, तुम्ही लिहिलं नाहीत तर मी लिहीन. तिच्या पत्रात मी फारच रडका दिसलो असतो.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
वेनखाई


शाओशिंग
२९ जानेवारी १९९२

चि. वेनखाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दारातच उभ्याउभ्या वाचलं. बूट जळेपर्यंत पेपरात एवढं काय छापलं होतं, ते कधीतरी सांग.

इथं चिनी औषधांच्या इस्पितळात पायाच्या अशा जखमांचा वेगळा विभाग आहे. गल्लीतल्या लूबाईंची टाच तिथंच वाचली. तुझं पत्र घेऊन मी स्वतः तिथल्या डॉ. फांग बाईंकडे गेले. मी जरा हात जोडून बोलायला लागले, तर त्या मलाच फटकारून म्हणाल्या की इथं जादू मिळत नाही, पाय बघितल्याशिवाय मी काही कबूल करणार नाही. मग म्हणाल्या, आणायचा तर लवकर आणा, त्या पायावर भार देऊ नका आणि तिथलं इन्सुलिन एक दिवससुद्धा चुकवू नका.

तेव्हा निघ. तुझे भावजी गेल्यापासून घरात मी एकटीच असते, जागेचा प्रश्न नाही. तांदळाच्या दारूचा घडा मी लूबाईंकडे ठेवून आलेय, तो शोधत बसू नकोस.

बाकी बोलणं समोर बसून. जपून ये.
तुझी,
ताई


शाओशिंग
१८ एप्रिल १९९२

चि. शिंगयूस,
अ. उ. आ.

तुझ्या बाबांची करंगळी काढली, हे तुला कळलं आहेच. पण त्यांनी तुला लिहिलं नसेल ते मी लिहिते. इथं आलो म्हणजे सुरी टळली, पाल्यामुळ्यांवर भागेल, असं ते धरून चालले होते. खरं सांगायचं तर मीही. डॉ. फांगनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की मलम जिवंत जागेत मांस धरवतं, मेलेलं बोट उठवत नाही; ते राहिलं तर पाय घेऊन जाईल. बाबांनी दोन दिवस भिंतीकडे तोंड केलं, मग सही केली.

मग रोजचं सुरू झालं. इन्सुलिन, सलाइन, वाडगाभर कडू काढा. जखम काढ्यानं धुवायची, मेलेलं तेवढं डॉक्टर चिमट्यानं कणाकणानं काढायच्या, मग तिळाच्या तेलात लाल मुळं उकळून मेण घालून केलेलं मलम फडक्यावर पसरून भरायचं. घरी सोडल्यापासून एक दिवसाआड पट्टी मीच बदलते. सुरुवातीला वासानं मला जेवण जात नसे. मग एकदा फडकं उचललं तर तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल उगवलेलं. बाबांना आपला तळवा दिसत नाही, म्हणून मी खाली आरसा धरला. ते खूप वेळ बघत राहिले. म्हणाले, कुणा दुसऱ्याचाच पाय वाटतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या की जूनपर्यंत जखम बुजेल. लूबाईंनी माझे हात धरून अभिनंदन केलं. मी घरी येऊन बांबूचे कोंब सोलायला बसले आणि मला रडू फुटलं. ते आनंदाचं नव्हतं, पोरी. जखम भरली की तो जाणार. तरुणपणी तिकडे गेला तो माझ्या वाट्याला आलाच नाही. आता या पायामुळे रोज समोर बसतो, भांडतो, माझ्या भाताला नावं ठेवतो. तेव्हापासून पट्टी बांधताना माझा हात रेंगाळतो. लाज वाटते मला. त्यांना सांगू नकोस.

या वेड्या आत्याला समजून घे.
पेईचू


आक्सूजवळचा शेतमळा
५ मे १९९२

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शाळेत वाचलं, आणि मुलांना गणितं घालून तोंड वहीत लपवलं. लाज कसली, आत्या? मी इथं रोज बाबांच्या खुर्चीवर पिशवी ठेवते, मांजर चढून बसू नये म्हणून.

त्यांना तिथं राहावंसं वाटलं तर राहू द्या. मी सुट्टीत येत जाईन. बागेला शेजारचे तुर्सुनकाका पाणी देतात. वर मलाच दटावतात की बाबांइतकं बारकाईनं कुणी देणार नाही. त्यांना राहू द्या, हे खरं मनापासून लिहितेय.

एकच गोष्ट लपवता येत नाही. दर पत्रात बाबा विचारतात की आईच्या थडग्यावरची वाळू झाडलीस का. मी दर वेळी हो म्हणून कळवते. पुढच्या पत्रात पुन्हा तोच प्रश्न.

काय ते तुम्ही दोघं ठरवा. तुमचा हात डोक्यावर असू दे.
तुमची,
शिंगयू


आक्सूजवळचा शेतमळा
२० जुलै १९९२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोहोचलो. पाय ठीक आहे. अनवाणी चालत नाही, रोज तळवा तपासून घेतो, शेगडी असेल त्या खोलीत पाय पोटाशी घेऊन बसेन. एवढं वाचून तुझा जीव भांड्यात पडला असेल.

जे समोर बसून बोललो नाही ते लिहितो. शेवटची पट्टी सुटली त्या दिवशी तू विचारलंस की काय शिजवू, मी म्हणालो काहीही. जायचा विषय मी काढायच्या आत तूच म्हणालीस की उन्हाळ्यात तिकिटांना फार गर्दी असते, आत्ताच रांग लावायला हवी. ते तुला किती जड गेलं ते मला ठाऊक आहे. माझ्या पायाला जाणीव नसली तरी मला डोळे आहेत, ताई. वसंतात तुझे हात सावकाश चालायला लागले, ते मी पाहत होतो. मीही लवकर कर म्हणालो नाही. तुझ्या नकळत काढ्याचा एखादा वाडगा कुंडीतसुद्धा ओतला. त्या झाडाला पालवी जास्त फुटली तर दोष माझा.

आल्याआल्या थडग्यावर गेलो. वाळू नव्हती, पोरीनं खरंच झाडली होती. बायकोला सगळं सांगितलं, करंगळीचंही. मग तुझ्याबद्दल सांगायला लागलो आणि नसलेली वाळूच हातानं झाडत बसलो.

आपलं वय बघता पुन्हा भेट होईल की नाही, ते तूही मनात म्हणालीस, मीही. शांघायच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा सगळी माणसं खिडक्यांतल्या चेहऱ्यांकडे बघून हात हलवत होती. मी दारात उभा होतो. तू तेवढी वाकून माझ्या पायांकडे बघत होतीस. गाडी वळेपर्यंत.

अशीच माया दुरूनही असू दे.
तुझा,
वेनखाई