भूकंपानंतरची प्रकरणं

४ फेब्रुवारी

या ग्रीक म्हाताऱ्यानं माझा जीव खायचं ठरवलंय! समुद्र खारट का, हे सांगायला एकच वाक्य घेतो आणि ते दीड पान चालतं. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यानं वारा, पाणी, ढग यांच्याबद्दल डोकं चालवलं. आता ते आजच्या माणसाला कळेल अशा मराठीत मी आणायचं.

संध्याकाळी एकदाचं पान झालं. नाना उद्या ऐकतील.

५ फेब्रुवारी

पान पास.

नाना म्हणजे माझे सासरे. जन्मभर पंप दुरुस्त केले. दुपारच्या चहानंतर मी पान वाचते, त्यांनी मान डोलावली की ते पक्कं. आधी फार छळायचे. भूकंपाच्या चौथ्या प्रकरणात जमिनीत अडकलेला वारा आला, तर म्हणाले, “म्हणजे पंपानं हवा धरली की गदगदतो, तसं. मग तसं लिही की!” चार वेळा लिहायला लावलं. हल्ली पहिल्या वाचनातच मान डोलते. माझा हात बसला म्हणायचा.

९ फेब्रुवारी

कुरियरवाला परत गेला. नाना घरात असून! “बेल वाजलीच नाही,” म्हणे. आता वायरमन शोधा. जसं काही मला दुसरं कामच नाही.

१२ फेब्रुवारी

संपादकबाईंचं पत्र. पहिली चार प्रकरणं “झऱ्यासारखी”. पाचव्यापासून आठव्यापर्यंत “कोण लिहितंय? ‘आर्द्र बाष्पोद्गम’ म्हणजे काय? सामान्य वाचक पुस्तक मिटून ठेवेल.” मार्चअखेर सुधारलं नाही तर काम दुसऱ्याकडे.

अकरा वर्षं! ग्रीक शिकण्यात केस पांढरे झाले. आणि दुसऱ्याकडे?

पंप दुरुस्त करणाऱ्याला जे कळतं ते या बाईंना कळत नाही? हेच लिहून पाठवणार होते. नवरा म्हणाला, “एक रात्र जाऊ दे.” याला प्रत्येक गोष्टीवर एकच औषध.

१३ फेब्रुवारी

राहवेना. दुपारी पानाऐवजी नानांना ते पत्रच वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. म्हटलं, निदान घरातलं एक माणूस माझ्या बाजूनं चिडेल.

नाना नेहमीसारखे डोळे अर्धवट मिटून बसले. झाल्यावर मान डोलावली. म्हणाले, “छान जमलंय. अगदी पटलं.”

अगदी पटलं!

मी उठून आत गेले. चहाचा कप त्यांच्यासमोर आपटला, तोही मुद्दाम. इतकी वर्षं या माणसाच्या मानेवर विसंबले आणि तो मनातून त्या बाईंच्या पक्षातला. मग तोंडावर पास कशाला करत होते? सुनेचं मन राखायला? मला कीव नको होती, कान हवे होते.

१४ फेब्रुवारी

बोलत नाही मी. दुपारी वाचलंही नाही. नाना तीन वाजता येऊन खुर्चीत बसले, चारपर्यंत बसून राहिले, मग उठून गेले. बसू देत.

१५ फेब्रुवारी

तेच. आज चष्मा पुसून आले होते.

१६ फेब्रुवारी

वायरमन उगवला. मी दूध आणून परतले तर दारातच उभा, वैतागलेला. “बेल ठणठणीत आहे, ताई. सहा वेळा वाजवली. दारही बडवलं. खिडकीतून आतले काका दिसत होते, जागेच होते. मान वर करतील तर शपथ.”

पैसे दिले. तो गेल्यावर मी नानांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. हाक मारली. मग मोठ्यानं मारली.

मग आत येऊन पाचवं प्रकरण काढून बसले. एक पानही मला स्वतःला नीट कळेना. लाज वाटली. पत्राची नाही, आपटलेल्या कपाची.

१८ फेब्रुवारी

कानांचे डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान गेलेत, निदान वर्षभरापासून. यंत्रानं थोडं ऐकू येईल.

घरी येऊन कागदावर लिहिलं: कधीपासून? नाना नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, “भूकंप संपता संपता कमी झालं. पुढचं काहीच नाही ऐकलं.”

लिहिलं: मग सांगितलं का नाहीत?

“सांगितलं असतं, तर दुपारची माझ्याजवळ बसली असतीस?”

‘हो’ लिहायचं होतं. ते खरं नव्हतं.