जिल्ह्याला न्या

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण मिटत नाही.

टँकरवरच्या रेटारेटीत माझी घागर कलंडली आणि तुम्ही कुऱ्हाडीचा दांडा उचललात. डोकं वाचवायला मी डावा हात वर केला, तो कडकन मोडला. दुष्काळात पाणी सांडणं म्हणजे काय, ते मलाही कळत होतं. पण मी चिखलात पडल्यावर त्याच हातावर तुम्ही पुन्हा हाणलंत. लोक आपापल्या घागरी भरत राहिले.

गावातल्या हाड बसवणाऱ्यानं कामट्या करकचून आवळल्या. सकाळी बोटं काळीनिळी झाली होती. उदगीरचा डॉक्टर तुमच्यावर ओरडला, "हात सडायलाय पोराचा. आजच्या आज जिल्ह्याला न्या."

आणि तुम्ही नेलंत. माझं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही एसटीत बसला आहात, मी गुरासारखा ओरडतो आहे. लातूर येतं. शेजारची बाई म्हणते, "उतरा की, मोठा दवाखाना हितं हाय." तुम्ही म्हणता, "न्हाई, डॉक्टर जिल्ह्याला न्या म्हणलाय." तुमच्या लेखी जिल्हा म्हणजे उस्मानाबाद. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, ते तुमच्या अंगवळणी पडलं नव्हतं. उस्मानाबादला पोचेपर्यंत हाताला वास सुटला. कोपराच्या वरून कापावा लागला.

जखम धुताना चिकटलेली पट्टी ओढली की मी लाथा झाडायचो. नसलेली बोटं चुलीत धरल्यासारखी जळायची, अजूनही जळतात. घरी आल्यावर आई घास भरवायला बसली की तुम्ही ताट लाथाडायचात. "भरवू नको त्याला. एका हातानं जगायचंय त्याला." जमिनीवर पडलेली भाकरी मी एका हातानं मोडायला शिकलो, पायजम्याची नाडी दातात धरून बांधायला शिकलो. मी तुमच्या रागामुळंच उभा राहिलो, आणि याचाही मला लई राग येतो, आप्पा.

मरेपर्यंत तुम्ही येईल त्याच्यापुढं रडलात, "लातुरात उतरलो असतो तर पोराचा हात वाचला असता." दांड्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. एसटीची चूक मी तेव्हाच माफ केली होती. मला दांड्याबद्दल ऐकायचं होतं.

हे पत्र घरात ठेवता येणार नाही, फाडावं लागेल. तुमच्या नातवंडांनी हाताचं विचारलं, तेव्हा मीही त्यांना एसटीचंच सांगितलं आहे.