आधी कोणता हात

४ मार्च
फेफऱ्याने एकतीस वर्षांत माझ्याकडून काय काय वसूल केलं ते आगगाडीत मोजलं. तीन दात, दोनदा खांद्याचं हाड, गाडी चालवायचा परवाना आणि रश्शाच्या पातेल्याजवळ उभं राहायचा हक्क. डुकराच्या हाडांच्या रश्शावर ज्याने बुसानमध्ये दुकान उभं केलं, त्यालाच बायको, आमच्या सेराची आई, पातेल्यापासून चार हात लांब बसवते! तेवढं सोडलं तर प्रकृती घोड्यासारखी. सोलचं इस्पितळ झकास आहे. माझ्या खाटेखालच्या सरकत्या बाकड्यावर सेराची आई झोपते. डॉक्टर नामगुंगबाईंनी ही वही दिली. झटका आला की लिहायचं, कोरं पान म्हणजे चांगला दिवस. मी म्हटलं, बाई, माझ्या दुकानात मला न कळता चमचासुद्धा हलत नाही. वही चोख राहील.

७ मार्च
चार औषधं हरली, म्हणून आता मेंदूत झटका जिथून उठतो ती जागाच कापायची. पण बाई सांगतात, यश साक्षीदारांवर आहे. मेंदूचा फोटो, डोक्याला चिकटवलेल्या तारा आणि कॅमेऱ्यात दिसलेला झटका. तिघांनी एकाच जागेकडे बोट दाखवलं तर दहातले सहा-सात सुटतात. माझ्या फोटोत डावीकडे जुना व्रण आहे. तारा मात्र कधी इकडे बोट दाखवतात, कधी तिकडे. झटका यावा म्हणून औषधं बंद केलीत.

१० मार्च
दोन आले. दोन्ही वेळा सेराच्या आईने माझ्या तोंडापासून पायापर्यंत पांघरूण ओढलं. नर्स ओरडली, "अहो मावशी, आम्हाला तेच तर बघायचंय!" तिचा काय दोष? दुकानात मी कोसळलो की ती एप्रन टाकून मला झाकायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "पडलेत ढोसून, दुसरं काय!" बेवड्याच्या मुलीला स्थळ मिळतं, फेफरेवाल्याच्या नाही.
कॅमेऱ्यात नुसतं हलणारं पांघरूण. बाईंनी तिला विचारलं, आधी कोणता हात वळतो? ती लगेच म्हणाली, उजवा. उजवा हात म्हणजे मेंदूची डावी बाजू. व्रणाशी जुळलं. बाईंना खात्रीसाठी अजून एक आठवडा हवा होता. मीच म्हटलं, दुकान बंद पडलंय, कापा.

२० मार्च
डावीकडे कापलं. सत्तावीस टाके. दुखत नाही. तसं काहीच वाटत नाही.

१६ एप्रिल
बुसान. सगळी पानं कोरी. आज पातेल्याजवळ उभा राहिलो. ज्याला त्याला सांगतो, सोलला जाऊन दारू सोडून आलो.

२३ एप्रिल
वाटीत रस्सा घेतला, कांद्याची पात घातली. पाहतो तर रस्सा गार, वर चरबी गोठलेली. सेराची आई म्हणते, तुमची तंद्री लागली होती.

२५ एप्रिल
माझे कान तिखट आहेत. कोपऱ्यातला टॅक्सीवाला हळूच म्हणाला, "काय वहिनी, साहेबांनी परत सुरू केली वाटतं?" ती म्हणाली, "पडलेत ढोसून, दुसरं काय."
मी थेंबही घेतलेला नाही. मी कधी पडलो—

२७ एप्रिल
तिला विचारलं. अकरा. दुकानात सात, घरात चार.
म्हणाली, कोरी पानं बघून तुम्ही पोरासारखे हसायचात, सेराचे बाबा, कसं सांगू?
मग विचारलं, उजवा हात तू पाहिला होतास ना? तर म्हणे, तुम्ही जेवता उजव्याने, म्हणून म्हटलं उजवाच असेल. पांघरूण टाकताना मी नेहमी तोंड फिरवते.
राग आला नाही. रडूही नाही.

२८ एप्रिल
बारावा, सकाळी. तिने सांगितला म्हणून कळला. मी तिथे नव्हतो—
सोलला फोन केला. उद्या या म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून—

२९ एप्रिल
स्टेशन. वही मांडीवर. आवाज आहेत— मग नाहीत—
शुद्ध आहे. या वेळी बघतोय. उजवा हात लिहितोय, स्थिर आहे. आधी डावा. अंगठा आत, मनगट—