भोकं पाडलेल्या डिस्कची व्यवस्था

मी, खाली अंगठा उठवणारी, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत आणि पुरेशा रागात हे मृत्युपत्र सांगते आहे. लिहून घेते आहे माझी नात. मला अक्षर येत नाही, अक्कल येते. माझ्या थोरल्या चिरंजीवांचं नेमकं उलटं आहे.

१. राहतं घर दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं. रस्त्याकडची शिवणाची खोली, दोन्ही मशिनी आणि कात्र्या नातीला. थोरल्याने तिथे ऑफिस थाटायची स्वप्नं आवरावीत.

२. ऑपरेशनमध्ये छाती गमावलेल्या बायकांसाठी मी आतून भरीव कपडे शिवते. नवऱ्यालाही दाखवलं नाही ते त्यांनी मला दाखवलं. आधी मापं माझ्या डोक्यात असत. डोकं भरलं, तेव्हा नातीने ती लॅपटॉपवर घेतली: नाव, फोन, माप, फोटो.

३. गेल्या वर्षी लॅपटॉपची स्क्रीन फुटली. थोरल्याने न विचारता तो भंगारात दिला. म्हणे, “अगं आई, स्क्रीनच गेली, आता त्यात काय उरलंय?” अरे शहाण्या, माझे डोळे अधू झाले म्हणून मी तुझे पराक्रम विसरले का? कुणीतरी दुसरी स्क्रीन जोडली आणि माझ्या गिऱ्हाईक असलेल्या एसटीतल्या कंडक्टरबाईंना फोन केला, “ताई, हा फोटो तुमचाच ना?” बाईंनी पोलीस घेऊन लॅपटॉप सोडवला, माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. मला शिव्या चालल्या असत्या.

४. एवढं होऊन थोरला म्हणतो, “सगळं डिलीट केलंय, आता देऊन टाकू.” टाके उसवले तरी सुईची भोकं राहतात. त्यांवरून मी अख्खा ब्लाउज पुन्हा शिवून दाखवीन.

५. माझ्यामागे हा काय दिवे लावील ते ठाऊक असल्याने काम आजच उरकलं. नातीने डिलीट केलेलं परत वर काढलं आणि एकेकीला विचारून, हो म्हणालेल्यांची नुसती मापं वहीत उतरवली. शेजारच्या सुताराने बॅटरी अलगद काढून बाजूला ठेवली, मग डिस्क काढली. ड्रिल सुरू होताच थोरला ओरडला, “थांब आई, त्यात माझी बँकेची कागदपत्रं आहेत!” त्याच्या मते काहीच उरलं नव्हतं त्यात, आणि साहेबांना घाम फुटला! कंडक्टरबाईंनी सुताराच्या हातून ड्रिल घेतलं. पाच भोकं त्यांनीच पाडली.

६. बॅटरी आणि उरलेला सांगाडा जुनी यंत्रं गोळा करणाऱ्या केंद्रात थोरल्याने स्वतः नेऊन द्यावा. पावती नातीला दाखवावी, तोवर त्याला घराची किल्ली मिळणार नाही.

७. डिस्क शिवणाच्या खोलीतच राहील. माझ्यामागे एखादी बाई दारात येऊन नुसतीच घुटमळली, तर तिला नाव विचारू नये. खुर्ची द्यावी, आणि डिस्क तिच्या हातात द्यावी. भोकांतून बोट घालून बघू दे.

हे मला दोनदा वाचून दाखवलं. एक शब्दही सौम्य करायचा नाही.

ठिकाण: शिवणाची खोली
दिनांक: चौदा मार्च, दुपार

डाव्या हाताचा अंगठा: आजी

साक्षीदार:
१. सुतार (सही)
२. कंडक्टरबाई (सही, पूर्ण नावाने, स्वतःच्या आग्रहावरून)