खोकल्याचा रकाना

१२ मार्च, संध्याकाळचे साडेपाच

ती. ताईंना नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आराम असावा. मी ठीक आहे. आज सकाळी आठला दवाखान्यात गेलो. एकवीस जणांचं प्रेशर मोजलं. दुपारी बैठक होती. एरवी पत्र इथेच संपलं असतं, पण आज मी जिंकलो, आणि ते तुम्हालाच सांगायचं आहे.

रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची आमच्याकडे तीन वर्षं तुलना चालली होती. निम्म्यांना पहिली, निम्म्यांना दुसरी. आकडे दोन्हींचे सारखेच येत. पहिली जुनी, सवयीची, म्हणून तीच चालू ठेवायची असं ठरत आलं होतं. मी मात्र प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारायचो आणि तक्त्यात हाताने रकाना आखून उत्तर लिहायचो: खोकला येतो का, त्यापायी गोळी टाकता का? सगळे हसायचे. "आले खोकलाशास्त्री!"

एक गवंडी म्हणाला, "खरं सांगू? गोळी मोरीत जाते. बायको म्हणते, तुम्ही खोकलात की प्लास्टर पडतं, आणि ते पुन्हा तुम्हीच फुकटात लावणार! तपासणीच्या आधी चार दिवस घेतो ना नेमाने."

तिथेच सगळी गोम होती. पहिल्या गोळीवरचे दोनशेपैकी एकतीस जण असंच करत होते. दुसरीवरचे चार. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आज माझा तक्ता सर्वांसमोर वाचला. "शास्त्रीबुवा, तुम्ही आम्हा सगळ्यांचे कान धरलेत." सोमवारपासून त्या एकतीस जणांना दुसरी गोळी, आणि खोकला विचारल्याशिवाय कुणाचाही कागद पुढे जाणार नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

ताई, चार वर्षांपूर्वी तुमची धाकटी गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, "साऱ्या गावाचं प्रेशर मोजता, आणि घरातलं?" तुम्ही बोलणं टाकलंत.

मी तिच्या गोळ्यांची पाकिटं दर रविवारी तपासायचो. एकही गोळी उरलेली नसायची. एकदा मी वैतागून म्हणालो होतो, "तुझ्या खोकल्याने डोकं उठलंय माझं." आठवड्याभरात खोकला थांबला. मला बरं वाटलं. त्या गोळीने खोकला येतो हे मला ठाऊक होतं, तरी विचारलं नाही. नंतर तिच्या बटणांच्या डबीत चौसष्ट गोळ्या सापडल्या. माझी झोप मोडू नये म्हणून तिने त्या घेतल्याच नव्हत्या. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

क्षमा मागत नाही. पण ते एकतीस जण आज आपापल्या घरी आहेत, आणि त्यांना मी विचारलं.

टपाल साडेसहाला निघतं. पाकिटाला तिकीट लावतो आणि चौकातल्या पेटीत टाकून येतो.

तुमच्या धाकटीचा नवरा