चिनी कर्नल आणि कुंदाची मेथी

३ मे, वोल्फ्सबुर्ग, जर्मनी
सांगलीहून मुलाकडे निघताना मित्र मोहनने दिलेलं पुस्तक अखेर उघडलं. एका चिनी लष्करी पंडिताने त्यांच्या प्राचीन युद्धसूत्रांचा आजच्या काळासाठी अर्थ लावला आहे. हुद्द्याने कर्नल, म्हणजे थापा मारणारा नव्हे. म्हणतो, ही सूत्रं तलवारीची नाहीतच. आजचं युद्ध म्हणजे माहिती रोखणं, रसद तोडणं, मित्र फोडणं. मी मॅट्रिकला दोनदा बसलोय, पण हे लगेच समजलं.
शत्रू: खालच्या मजल्यावरची फ्राऊ लेमान. बायको दिवसभर तिच्या बागेत मेथी लावत बसते. एकमेकींची भाषा येत नाही, तरी दोघी हसतात. कशाला? काल कुंदा म्हणाली, अहो, जूनभर राहू या. अजिबात नाही. तीस तारखेच्या विमानात ती माझ्या शेजारी बसणार म्हणजे बसणार.

४ मे
माहिती रोखली. कुंदाशी अबोला. सुनेला म्हटलं, सुरुची, तुझ्या सासूबाईंना सांग, चहा हवाय. ती ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये. कॅमेरा चालू होता म्हणे. या घरात निरोप्यासुद्धा मिळत नाही.

७ मे
कुंदाला अबोला कळलेलाच नाही. माझा घसा बसलाय असं समजून काढा दिला. डोकं फिरलं. प्यायलो.

११ मे
रसद. कुंदाचे बागेतले बूट लपवले. ती माझे घालून गेली. मी दिवसभर घरात. अशा वेळी काय करायचं ते कर्नलने लिहायला हवं होतं. निष्काळजी माणूस.

१५ मे
मित्र फोडणं. स्वतः बागेत गेलो. फ्राऊ लेमानला इंग्लिशमध्ये सांगितलं, माय वाइफ नो लाइक गार्डन. ‘जा, जा, गेनाऊ,’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘हो हो, अगदी बरोबर’, म्हणत तिने माझ्या हातात झारी दिली. नाइलाजाने पाणी घातलं. मेथी बरी आलीय. हे कुणाला सांगणार नाही.

२० मे
जेवताना हृषिकेशने विचारलं, दोघांची तिकिटं पुढे ढकलू का. कुंदा म्हणाली, “माझं ढकल. अहो, तुमचं?”
‘माझंही’ म्हणणारच होतो. पण तिला उत्तर दिलं तर अबोला मोडणार, एवढ्या दिवसांची मोहीम पाण्यात. सुरुचीला खुणावलं. तिने मीठ पुढे केलं.
“आल्झो, म्हणजे बाबा ठरल्याप्रमाणे,” म्हणत चिरंजीवांनी फोनवर बटण दाबलंसुद्धा. बापासाठी दोन मिनिटं थांबवत नाही यांना.
नंतर सांगता आलं असतं. पण सेनापती मागाहून विनवण्या करत नाही.

३० मे, विमानात
शेजारची सीट रिकामी. कोपर पसरून बसता येतं. हवाई सुंदरीने चहा दिला आणि विचारलं, साखर किती.
असले प्रश्न मला विचारतात. ते कुंदाला माहीत असतं.