तिनं केलेला वाघ

बा, त्या सकाळी मी शाळेमागच्या बोरिंगवर तांदूळ धुवत होते. झाडून झालं होतं, सरपण फोडून झालं होतं, डाळ चुलीवर चढली होती. तांदळाचा गंज मोठा, भरल्यावर उचलवत नाही, म्हणून तिथंच वाकून धुवावा लागतो. पाणी वाहत बेशरमाच्या झुडपांकडे जातं. तिकडची कुंपणभिंत कधीचीच पडली आहे. पाखरं गप्प होती. उन्हानं असतील, असं मनात म्हणून मी पाणी ओतत राहिले.

या उन्हाळ्यात गावच्या शाळेत मुलांचं नाटकाचं शिबिर होतं आणि त्यांचं जेवण माझ्याकडे. शिकवायला ऊर्जानगरचा एक जवान मुलगा यायचा. त्याच्या नाटकात लिहिलेलं काहीच नसे. तुला पटलं नसतं, तुमच्या दंडारीच्या खेळात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी तू तापायचास. हा सर पोरांना सांगायचा, "समोरचा म्हनल ते खरं मानाचं. नाई म्हनाचं नाई. हो म्हनाचं अन् पुढं न्याचं." एकानं म्हणावं, "बस पंक्चर झाली." दुसऱ्यानं लगेच, "हो, अन् डायवर सासुरवाडीले पळाला!"

माझी लेक, तुझी नात, त्यात होती. तिचा बाप तेंदूची पानं तोडायला गेला आणि परतला नाही, त्या दिवशी ती त्याच्या सोबत होती. काय पाहिलं ते तिनं कधी सांगितलं नाही. हळूहळू तिचं बोलणंच आटलं. तू आणलेल्या पुड्यांचे कागद जोडून जोडून मी वाचायला शिकले, पुढं हाती लागेल ते पुस्तक वाचलं. पण मुकं झालेलं लेकरू बोलतं कसं करावं, हे मला कुठंच सापडलं नव्हतं. इथं ते आपोआप होत होतं. घरी येऊन ती मला खाटेवर बसवायची आणि म्हणायची, "बाई, पुढं सरका, ही सीट लेडीजची हाये."

त्या दुपारी सर म्हणतो, आज वर्गात जंगल उभं करू. कोणी साग होतं, कोणी माकड. एक पोरगी पानं तोडणारी बाई होते. मग सर विचारतो, "आता वाघ येते. कोन होते वाघ?" कोणी उठत नाही. तू अंगाला पिवळा रंग फासून वाघ व्हायचास तेव्हा लोक पोट धरून हसायचे. एकदा सरपणाला जाताना मी तुझी ती डरकाळी काढली, तर तू माझ्या तोंडावर हात दाबलास. "इथी नाई," एवढंच म्हणालास. मी दारात उभी आहे आणि माझी लेक उठते.

ती डरकाळी फोडत नाही. कोपऱ्यात जाऊन पोटावर पडते, हनुवटी मनगटावर ठेवते आणि बघते. पानं तोडणारी पोरगी उभी असेस्तोवर ती हलत नाही. पोरगी वाकली, तशी हिच्या खांद्यात काहीतरी आवळलं जातं.

"वरडली काऊन नाई वं?" सर विचारतो.

"तो नाई वरडत, सर. नुसता पायते."

"तुनं कुठी पायला?"

"बोरिंगच्या तिकडं, बेशरमात. रोज सकाळी. आई तांदूळ धुते तवा."

मागून एक पोरगा ओरडला, "हो, अन् त्याले भात पायजे!" सगळे हसले. खेळाचा नियमच तो होता. सरही टाळ्या वाजवत होता. मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचे हात थांबले.

आम्ही दोघं मागं गेलो. ओल्या मातीत ठसे होते, ताजे. वनरक्षक आला, मोबाईलवर फोटो काढले, कॅमेरा लावू म्हणाला, पोरांना आत ठेवा म्हणाला. सर म्हणाला, शिबिर बंद करू. मुख्याध्यापकांनी शेवटच्या दिवशीच्या नाटकाला पाहुण्यांना बोलावून ठेवलं होतं. "दोनच दिवस राह्यले. फटाके वाजवू," ते म्हणाले.

घरी मी लेकीला विचारलं, सांगितलं काऊन नाई?

"सांगतलं असतं तर बंद केलं असतं तुमी लोकायनं. तू नोको जाऊ ना बोरिंगवर. पानी मी आनतो."

हे तिनं इतकं सहज म्हटलं की माझी तव्यावरची भाकर जळली.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. तुला तेवढं सांगते, बा. ती कोपऱ्यात पडून बघत होती तेव्हा, पुढचं कळायच्या आधी, मला फार अभिमान वाटला होता. इतका खरा वाघ तुलाही जमला नसता.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच शाळेच्या फाटकात जाऊन बसले आणि कोणालाही आत सोडलं नाही. सगळ्यात आधी माझी लेक आली. तिलाही नाही.